खात्रीताईनं वाचून दाखवलेलं वाक्य

तिला सगळे खात्रीताई म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. कुणी बातमी घेऊन आलं की ही बाई आधी विचारणार, ‘खात्री केलीत?’ शेजारीण धापा टाकत सांगत आली, कोपऱ्यावर आग लागलीय, तर ही म्हणे, ‘तुम्ही आग बघितलीत की नुसता धूर?’ अहो, आग ती आग! पण नाही. नवरा तर सगळ्यांना सांगायचा, लग्नाला होकार देण्याआधी हिनं माझ्या कॉलेजात जाऊन मी खरंच पास झालोय का ते विचारलं होतं. तो हे हसत सांगायचा, पण ते खरं होतं.

उमेदीची सगळी वर्षं तिनं एका छोट्या वर्तमानपत्रात काढली. ते बंद पडलं तेव्हा बाकीचे कुणी विमा विकायला लागले, कुणी शिकवण्या घ्यायला. हिला दुसरं काहीच येत नव्हतं. नवऱ्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत तिनं एक फोन, एक स्टँड आणि एक निळा पडदा लावून इंटरनेटवर स्वतःचं बातम्यांचं पान सुरू केलं. पडद्याच्या अलीकडे बातम्या, पलीकडे उघडे पडलेले टीव्ही, तारांची भेंडोळी आणि सोल्डरिंगचा जळका वास. लोक बघायचे तिला. आवडीनं नव्हे, सोय म्हणून. खात्रीताईनं सांगितलं म्हणजे तसं असणार, एवढं गावाला माहीत होतं.

खोड एकच, ती नेहमी उशिरा. गावात दुसरं एक पान होतं, त्याचं नावच ‘सगळ्यात आधी’. तिथला माईकवाला कपाळावर घाम आणून ओरडायचा आणि लोक गर्दीनं बघायचे. एकदा त्यानं एका निवृत्त मास्तरांना श्रद्धांजली वाहिली, तर खाली मास्तरांनीच लिहिलं, ‘मी अजून आहे.’ पण त्याचं कुणाला काय! दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी तिकडेच.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. ही बाई शूर वगैरे अजिबात नव्हती. भित्री होती. झुरळं ती चपलेनं मारायची, भीती वाटायची ती माणसांची. दारावर जोरात थाप पडली की दचकायची, अनोळखी नंबर दिसला की फोन उलटा ठेवायची. आपण चुकीचं काही छापलं तर कुणीतरी आयुष्यातून उठेल आणि मग तो आपल्या दारात येईल, ही धास्ती तिनं पहिल्या नोकरीपासून बाळगली होती. खात्री करायची सवय लागली ती त्यापायीच. लोक त्याला तत्त्व म्हणायचे. म्हणोत बापडे.

तर एका सकाळी दुकानात एक माणूस खांद्यावर टीव्ही घेऊन आला. नवऱ्यानं टीव्ही उघडला, आत फुंकर मारली, लावून बघितला.

‘अहो, हा तर ठणठणीत आहे.’

‘माहीत आहे,’ तो माणूस हळूच म्हणाला. ‘ताई आहेत का?’

तो गावच्या पाणीखात्यात पंपावर होता. पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हेच त्याचं काम. मागच्या खोलीत स्टुलावर बसला, पण दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले. म्हणाला, पाण्यात औषध सोडायचं मशीन बंद पडलंय. सुटे भाग येणार येणार म्हणतात, येत नाहीत. तोवर पहाटेच्या पाळीत पावडर बादलीत कालवून मीच टाकतो, अंदाजानं. आणि पावडर संपलेली असली की पाणी तसंच सोडतो.

‘तसंच? मग सोडता कशाला?’

‘साहेब म्हणतात, पाणी बंद ठेवलं तर बोंब होईल. नळाला आलं म्हणजे लोक गप्प. माझी पोरगी लहान आहे, ताई. आम्ही घरी उकळून पितो. शेजाऱ्यांची पोरं आमच्या दारात खेळतात, ती नळाचं पितात. मला बघवत नाही, आणि सांगवतही नाही.’

तिनं त्याला विचारून त्याचं सगळं बोलणं फोनमध्ये घेतलं, आणि शब्द दिला, ‘तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. कुणी काहीही केलं तरी नाही.’ जाताना तो टीव्ही पुन्हा खांद्यावर घेऊन गेला. कुणी विचारलं तर दुरुस्त झाला असं सांगायला.

मग तिची ती नेहमीची खात्री सुरू झाली. खालच्या वसाहतीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या वैतागून म्हणाल्या, उलट्या-जुलाबांची पोरं ठेवायला जागा नाही माझ्याकडे, सलाइन खिडकीच्या गजांना टांगतेय. पाणी तपासायची छोटी बाटली मिळते, ती तिनं आणली. ग्लासभर पाण्यात थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर औषध आहे, पांढरंच, म्हणजे बिनरंगाचं राहिलं तर नाही. वसाहतीतल्या ओळखीच्या घरांतून तिनं थेंब टाकून बघितले. सगळीकडे पांढरं. बातमी खरी निघाली की इतरांना आनंद होतो, हिला घाम फुटायचा.

आता उरली दुसरी बाजू. तिच्या जुन्या संपादकांनी तिला एक शिस्त लावली होती. ज्याच्याविरुद्ध लिहितेस त्याला फोन कर, आणि मोघम सांगू नकोस. जे छापणार आहेस ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखव. त्याला काय म्हणायचंय ते त्या वाक्याबद्दल म्हणू दे. ह्या शिस्तीनं तिला कितीतरी वेळा वाचवलं होतं. समोरचा माणूस बातमीतली चूक दाखवायचा, ती सुधारायची, आणि नंतर कुणाला बोट ठेवायला जागा राहायची नाही.

तिनं पाणीखात्याच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. आवाज कापू नये म्हणून उभं राहून बोलली. साहेब गोड बोलले, म्हणाले, वाचा ना, वाचा.

तिनं एकेक वाक्य वाचलं. मशीन बंद असल्याचं वाक्य झालं. साहेब म्हणाले, ‘दुरुस्ती चालू आहे.’ तिनं लिहून घेतलं. मग पुढचं वाचलं, ‘औषधाची पावडर पहाटेच्या पाळीत बादलीत कालवून हातानं टाकली जाते आणि ती संपलेली असेल तेव्हा पाणी तसंच सोडलं जातं.’



‘हे वाक्य परत वाचा जरा,’ साहेब म्हणाले.

आणि तिनं परत वाचलं! स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द तोडून. दुसरी बाजू नीट ऐकतेय म्हणून मनात थोडी खूशही झाली.

‘पहाटेच्या पाळीत,’ साहेब सावकाश म्हणाले, ‘आमच्याकडे एकच माणूस असतो, बाई.’

फोन बंद झाला.

ती खाली बसली ती बसलीच. नाव झाकलं की माणूस झाकला गेला, असं समजून चालली होती इतकी वर्षं! जे दिवसा घडलं असतं तर दहाजणांनी पाहिलं असतं, ते फक्त एकानं पाहिलं होतं, आणि तिनं तो एकजण साहेबांच्या हातात दिला होता. तेही दोनदा वाचून. मूर्ख, मूर्ख, मूर्ख, असं स्वतःला म्हणत तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पंपवाल्याला फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. त्याच्या घरी धावत जावंसं वाटलं, चपला पायात घातल्याही. मग लक्षात आलं, आपण त्याच्या दारात दिसलो तर उरलासुरला संशयही फिटेल. चपला काढल्या. दिवसभर ती पडद्यामागे बसून राहिली. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की कान टवकारायची, निघून गेली की श्वास सोडायची. नवऱ्यानं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली.

संध्याकाळी ‘सगळ्यात आधी’वर व्हिडिओ आला, आणि त्यात पंपवालाच होता. इस्त्रीचा शर्ट घालून पंपघरात उभा, शेजारी माईकवाला. पंपवाला पाठ केल्यासारखं बोलला. पाणी शुद्ध आहे, मशीन उत्तम चालू आहे, खात्रीताई नावाच्या बाई अफवा पसरवणार आहेत, त्यावर विश्वास ठेवू नये. मग त्यानं ग्लास उचलला आणि कॅमेऱ्यासमोर घटाघटा पिऊन दाखवला. माईकवाला ओरडला, ‘बघा, पाणी सोडणारा स्वतः पितोय!’

घ्या! बातमी अजून लागलीही नव्हती आणि खोटी ठरली होती.

तिनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पंपवाल्याची नजर एकदाही कॅमेऱ्यात आली नव्हती. त्याला मारलं असेल का? धमकावलं असेल? पोरीचं नाव घेतलं असेल? तिला रडू फुटलं. तरी तिनं बातमी लावली, पहाटेचं ते वाक्य काढून, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आणि थेंबांची तपासणी ठेवून, साहेबांचं उत्तरही ठेवून. आणि मग जे सुरू झालं त्याला सुमार नव्हता. खोटारडी, विकली गेलेली, घरी बस, तोंड बघ आरशात. एकानं दुकानाचा फोटोच टाकला आणि खाली लिहिलं, ‘इथे बसते.’ फोटोत दुकानाच्या काचेआड नवरा मान खाली घालून काम करत होता, त्याला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात दोघे आले. टीव्ही नाही, रिमोट नाही, मोकळे हात. परवाना बघायचाय म्हणाले. भिंतीवरचा परवाना वाचला, तारांकडे बघितलं, ‘आग लागू शकते हं इथे,’ म्हणाले आणि गेले. त्यांनी आवाज चढवला नाही, हीच तर भीतीची गोष्ट. ते गेल्यावर नवऱ्यानं शटर अर्धं ओढलं.

‘ते रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडे?’ तो म्हणाला. ‘लाव ना मग! त्याच्याच तोंडून ऐकव एकदा. एका मिनिटात सगळे गप्प होतील.’

‘त्याला शब्द दिलाय.’

‘त्यानं काय केलं बघितलंस ना? तुला खोटं पाडलं सगळ्या गावासमोर! आणि तू त्याला झाकत बसलीयेस?’

‘त्यानं नाही केलं ते. माझ्यामुळे त्याच्याकडून करून घेतलं.’

‘अगं, पण पोरं आजारी पडतायत तिकडे! आता तर लोक जास्तच पितील. त्यांचं काय?’

नवरा तसा साधा माणूस, पण बोलला ते चुकीचं नव्हतं. एक बटण दाबलं की गाव विश्वास ठेवणार, पोरं वाचणार, तिच्यावरचा डाग जाणार, दुकान वाचणार. जाणार फक्त एक माणूस, त्याची नोकरी आणि कोण जाणे काय काय. तिनं फोन हातात घेतला. रेकॉर्डिंग उघडलं. ‘माझी पोरगी लहान आहे, ताई,’ एवढं ऐकलं आणि बंद केलं.

मग तिला एक नवीनच धास्ती पडली. उद्या हा फोनच कुणी काढून घेतला तर? ते परवानावाले पुन्हा आले, फोन दाखवा म्हणाले तर? आपण काय, घाबरून लगेच देऊन टाकू. स्वतःला ती चांगली ओळखत होती. तिनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. सगळीकडून पुसलं. नवरा ‘अगं, अगं, अगं’ करत राहिला. आता तिच्याजवळ बचावाला काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

उरली होती ती थेंबांची बाटली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती बाटली आणि फोन घेऊन खालच्या वसाहतीत निघाली. नवरा शटर लावून मागोमाग आला. तिनं ठरवलं होतं, कुणी सांगितलं हा प्रश्नच नको. लोकांच्या नळाचं पाणी, लोकांच्या हातानं, लोकांच्या डोळ्यांसमोर, आणि फोनवरून थेट. कापाकापी नाही, निवड नाही. खरं असेल तर दिसेल.

वसाहतीत घरांची रांग, मध्ये अरुंद बोळ, प्रत्येक दारापाशी नळ आणि निळी पिंपं. लोक जमले ते तिचं ऐकायला नव्हे. ‘आली बघा अफवावाली,’ कुणीतरी म्हणालं. एकानं वाट अडवली. ती पुटपुटली, ‘मी काही बोलणार नाही. तुम्हीच थेंब टाका.’ मग आजारी पोराला कडेवर घेतलेली एक बाई पुढे आली, ग्लासात नळाचं पाणी धरलं आणि थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. शेजारणीनं टाकले. पांढरंच. तिसऱ्या दारातल्या आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा टाकायला लावले. बोळातला गलका हळूहळू उतरत गेला.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गडबड झाली. माईकवाला आला होता, त्याचा कॅमेरावाला मागे, आणि दंडाला धरून आणलेला पंपवाला. दाढी वाढलेली, शर्ट तोच व्हिडिओतला.

‘विचारा ह्या बाईंना!’ माईकवाला ओरडला. ‘विचारा, कुणी सांगितलं तुम्हाला मशीन बंद आहे म्हणून?’

पंपवाल्यानं तिच्याकडे बघितलं. ही आता आपलं नाव घेणार, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. तिचा फोन चालू होता, शेकडो लोक बघत होते.

‘मी सांगणार नाही,’ ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी ‘काय? काय?’ केलं. ‘कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही. पाणी समोर आहे.’

‘म्हणजे कुणीच नाही सांगितलं!’ माईकवाला हसला. ‘अहो, पाणी सोडणारा हा इथे उभा आहे. ह्यानं पिऊन दाखवलंय!’

मग ती पोरवाली बाई पुढे झाली. तिनं नळाखाली दुसरा ग्लास धरला, भरला आणि पंपवाल्याच्या पुढे केला. ‘दादा, तुम्ही प्यायलात ना परवा? मग हेही प्या. माझं पोरही हेच प्यायलंय.’

त्यानं ग्लास घेतला. वर नेला. ओठांपाशी नेला आणि तिथेच त्याचा हात थांबला. पाणी हिंदकळून त्याच्या मनगटावर सांडलं.

खात्रीताईला कळलं, बातमी ती हीच. ह्याच्यापुढे थेंब, डॉक्टर, रेकॉर्डिंग, सगळं फिकं. आणि तिनं फोन खाली केला. जमिनीकडे, चिखलाकडे, आपल्या चपलांकडे. तिच्या पानावर त्या वेळी नुसता चिखल दिसत होता.

पण तिनं मान वर केली तर बोळभर हात वर झालेले. दारातून, ओट्यावरून, पिंपावर चढून, प्रत्येकाच्या हातात फोन. आजोबांच्याही. माईकवाल्याचा कॅमेरा तर पंपवाल्याच्या तोंडावर रोखलेला. ती मध्ये जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून, ‘नका, नका काढू’ म्हणत. पण एका बाईनं किती फोन झाकायचे! कुणी तिला बाजूला ढकललं, कुणी डोक्यावरून हात लांब केला.

‘ताई,’ मागून पंपवाला म्हणाला. ‘राहू द्या. सगळीकडे गेलं ते.’

ती वळली. त्यानं ग्लास ओट्यावर ठेवला होता. हात पुसायला काही नव्हतं, शर्टालाच पुसत होता.

‘परवाचं पाणी बाटलीतलं होतं,’ तो म्हणाला. आधी तिला, मग जरा मोठ्यानं त्या पोरवाल्या बाईला. ‘विकतच्या बाटलीतलं. तुमच्या नळाचं नव्हतं ते, वहिनी.’

बोळात एकच ओरडा उठला. माईकवाला कॅमेरावाल्याला ‘बंद कर, बंद कर’ म्हणत होता. कुणी पंपवाल्याची कॉलर धरली, नवऱ्यानं मध्ये घुसून ती सोडवली. पंपवाला भिंतीला टेकला. त्याला धाप लागली होती.

‘तुमचा फोन का खाली?’ त्यानं खात्रीताईला विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.

‘वर घ्या. हे लोक माझं हवं तेवढंच ठेवतील. कुणी ग्लासाचं ठेवील, कुणी कॉलरचं. तुम्ही पहिल्यापासून घ्या. मशीनचं, पावडरचं, साहेबांनी मला काय सांगितलं त्याचं. सगळं सांगतो.’

‘विचार करा,’ ती म्हणाली. ‘नाव बाहेर जाईल. तोंड दिसेल. उद्या काय होईल ते मलाही माहीत नाही. मी तुम्हाला वाचवू शकत नाही. मी तर तुम्हाला... साहेबांना माझ्यामुळेच...’

‘माहीत आहे मला. साहेबांनीच सांगितलं, तुमच्या ताईनं दोनदा वाचून दाखवलं म्हणून.’ तो हसला नाही. ‘राग आहे मला तुमचा. खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या कुणाकडे बोलू?’

तिनं फोन वर घेतला. दोन्ही हातांनी घट्ट धरला. पंपवाल्याच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरे पडले होते, आणि तो बोळाच्या तोंडाकडे बघत होता, तिथे दोन मोटारसायकली येऊन थांबल्या होत्या.

‘स्वतःच्या मर्जीनं बोलताय ना?’ तिनं विचारलं.

‘हो,’ तो म्हणाला. ‘पण घाबरलोय, ताई. तेही राहू द्या. ते कापू नका.’

‘नाही कापत,’ ती म्हणाली. ‘बोला.’